खेमाची हाक

धारवलीची लेणी बघून खाली उतरलात की उजव्या हाताला एक कडा लागतो. पुढं सरळ कोकण, मध्ये नुसता वारा. त्या कड्याच्या टोकावर एक दगड आहे, दोन पावलं मावतील एवढाच. तो झिजून गुळगुळीत झालाय, पण पाण्यानं नव्हे आणि छिन्नीनंही नव्हे. आमच्या गावात नवी सून आली की देवाला नेण्याआधी तिला या दगडावर उभी करतात आणि ती नवऱ्याचं नाव घेते. उखाणा नाही, यमक जुळवणं नाही, पदर दातांत धरून लाजणं नाही. कोकणाकडं तोंड करायचं, पोटातून दम काढायचा आणि तीन वेळा सरळ नावानं हाक मारायची. आजूबाजूच्या गावच्या बायका हसतात. म्हणतात, धारवलीच्या सुना नवऱ्याला रानातल्या गुरासारख्या हाका घालतात. हसेनात का! ही हाक एका बाईला केवढ्याला पडली ते त्यांना कुणी सांगितलेलं नाही.

जुनी माणसं सांगतात ते असं.

लेण्यांत तेव्हा दिवे जळत होते आणि भिक्षूंच्या पाठाचा घुमारा खालच्या वाडीपर्यंत ऐकू येत होता. त्या काळी या डोंगरावर एक होता पाथरवट, त्याचं नाव खेमा. एक होती त्याची बायको, तिचं नाव नागुली. आणि एक होता चीन देशाहून आलेला भिक्षू. त्याचं नाव इथल्या कुणाच्याच जिभेवर बसलं नाही. कमरेला कुंचल्यांची गुंडाळी बांधून फिरायचा, म्हणून लोकांनी त्याला कुंचलेबाबा करून टाकलं.

खेमा मिसरूड फुटायच्या आधीपासून त्या डोंगरात दगड फोडत होता. त्याच्या बरोबरीचे पाथरवट लेणं पुरं झाल्यावर दुसऱ्या डोंगराला कामाला गेले. खेमा मागं राहिला. कुठं पायरी ढासळली, कुठं पाण्याचं टाकं गळायला लागलं, तर बघायला कुणीतरी हवं होतं. त्याबद्दल भिक्षूंच्या कोठारातून धान्य मिळायचं. आणखी एक काम त्याच्याकडं होतं. लेण्याला कुणी दान दिलं, की देणाऱ्याचं नाव खांबावर किंवा भिंतीवर कोरायचं. लिहिता येणारा एक भिक्षू कोळशानं अक्षरं काढून द्यायचा आणि खेमा त्यांवरून छिन्नी चालवायचा. वाण्याचं नाव, माळ्याचं नाव, कुठल्या सुताराच्या आईचं नाव, समुद्रापलीकडच्या कुणा यवनाचं नाव. खेमाला त्यातलं एक अक्षर वाचता यायचं नाही. पण कुठला कोपरा कुणाचा ते तो बोटानं चाचपून सांगायचा.

जेवताना कधी कधी म्हणायचा, "नागे, एवढी नावं गेली या हातांखालून. आपलं एक कुठं नाही बघ."

नागुली म्हणायची, "मग घाला की एक. छिन्नी तुमचीच, दगड तुमचाच."

"दगड कशाचा माझा? दान देईल त्याचं नाव. मी काय दिलंय?"

"अख्खा डोंगर पोखरून दिलात, अजून काय द्यायचं?"

"त्याची भाकरी खाल्ली ना आपण. मग ते दान नव्हे गं."

असा त्याचा हिशेब सरळ होता आणि त्यात कुणी लबाडी केलेली त्याला चालत नसे. पण रात्री झोपेत त्याचं बोट जमिनीवर फिरायचं, काहीतरी गिरवल्यासारखं. नागुली ते बघायची.

कुंचलेबाबा आला तो पावसाळा सरताना, व्यापाऱ्यांच्या बैलांच्या तांड्याबरोबर घाट चढून. जोड्यांचे तळ गेलेले, पाय सुजलेले. पाठीवरच्या पेटीला मात्र इतकं जपत होता की वाडीतल्या पोरींना वाटलं, आत सोनं असणार. आत कागद होते.

तो म्हणे सांगायचा की त्याच्या देशात शब्दांच्या फार जुन्या पोथ्या आहेत. देवाच्या नव्हेत, राजाच्या नव्हेत, नुसत्या शब्दांच्या. त्यांत प्रत्येक शब्दाला घर असतं. पाण्याचे शब्द पाण्याच्या घरात राहतात, झाडांचे झाडाच्या, धातूंचे धातूच्या. कुणालाही शब्द अडला की घर शोधायचं, दार वाजवायचं, आत अर्थ बसलेला असतो. पण आपल्याकडून बुद्धाची वचनं त्या देशात गेली आणि त्यांच्याबरोबर आपले शेकडो शब्द गेले. तिथल्या लोकांनी ते जसे ऐकू आले तसे आपल्या अक्षरांत लिहून घेतले. चंदन लिहिलं, स्तूप लिहिला, मल्लिका लिहिली. लोक घोकायला लागले, पण आत काय आहे ते कुणाला ठाऊक नव्हतं. त्या शब्दांना घरच नव्हतं. भर बाजारात परकी माणसं उभी असावीत तसे ते पोथ्यांत उभे होते. कुंचलेबाबानं म्हातारपणी घर सोडलं ते त्या शब्दांना घरं बांधायला.

आणि त्याचा एक नेम होता. वस्तू हातात घेतल्याखेरीज तिचा अर्थ लिहायचा नाही. ऐकीव अर्थानं शब्दाचं घर उभं राहत नाही, असं त्याचं म्हणणं.

आधी तो लेण्यातल्या सगळ्यांत वडील भिक्षूकडं, मोठ्या भंत्यांकडं बसला. मोठे भंते विद्वान होते, पण त्यांचं सगळं ज्ञान तोंडात होतं. यानं विचारावं, भिक्षेचं पात्र म्हणजे काय? त्यांनी पात्राचे गुण सांगावेत, पात्र कुणी धरावं, कसं धरावं ते सांगावं. यानं विचारावं, ते भाजतात कसं, माती कुठली, काळं कशानं होतं? त्यावर मोठ्या भंत्यांनी पुन्हा पात्राचे गुणच सांगावेत. चार दिवसांनी वैतागून म्हणाले, "असल्या गोष्टी त्या पाथरवटाला विचार जा."

तो खरंच आला विचारायला. झोपडीच्या दारात उभा राहून कुंचलेबाबानं खेमाला वाकून नमस्कार केला आणि म्हणाला, "आचार्य."

नागुलीला हसू आवरेना. खेमानं मागं वळून पाहिलं, आपल्यामागं कुणी आलंय का म्हणून.

त्या दिवसापासून आठ महिने दोघं रोज बरोबर. खेमानं त्याला कुंभाराच्या आव्याशी बसवलं, चंदनाचं खोड उगाळायला लावलं, पहाटेचा मोगरा ओंजळीत दिला. भिक्षूंची भगवी छाटी कुठल्या सालीच्या रंगात बुडवतात ते दाखवताना दोघांचे हात कोपरापर्यंत लाल झाले. कुंचलेबाबा हुंगायचा, चाखायचा, वजन करून बघायचा, आणि मग खाली बसून कागदावर ती त्यांची चित्रासारखी अक्षरं काढायचा.

एकदा मोठा पेच पडला. शब्द होता क्षण. मोठ्या भंत्यांनी त्यावर दोन दिवस सांगितलं होतं. कुंचलेबाबा हताश होऊन म्हणाला, "आचार्य, हा हातात कसा घेऊ?"

खेमा म्हणाला, "असा पुढं या." त्यानं छिन्नी दगडावर टेकवली आणि हातोडा घातला. ठिणगी उडाली आणि विझली.

"बघितला?"

"बघितला."

"हातात आला?"

कुंचलेबाबा म्हणाला, "नाही आला."

"मग बरोबर बघितलात," खेमा म्हणाला.

म्हातारा इतका हसला, इतका हसला, की डोळ्यांतून पाणी आलं. आणि ते पुसत पुसत त्यानं लिहून घेतलं.

त्याच संध्याकाळी त्यानं खेमाला सांगितलं, "पुस्तक पुरं झालं की शेवटच्या पानावर मी तुमचं नाव लिहीन. शब्द तुम्ही दिलेत. हे दान आहे. याची भाकरी तुम्ही माझ्याकडून घेतलेली नाही."

खेमानं छिन्नी-हातोडा गोळा केला. घरी आला, पाण्याचा तांब्या तोंडाला लावला आणि तसाच धरून उभा राहिला. नागुलीनं विचारलं, "काय झालं?" तर म्हणाला, "लागलं बघ आपलं नाव." त्या रात्री त्याचं बोट जमिनीवर फिरलं नाही.

आता कुणी विचारेल, आठ महिने बरोबर राहून त्या बाबाला खेमाचं नाव माहीत कसं नाही? तर त्याच्या देशाची रीत म्हणे अशी की गुरूचं नाव शिष्यानं तोंडानं घ्यायचं नाही आणि उठसूट विचारायचंही नाही. तो मोठा अपमान. ग्रंथ पुरा झाला की अंघोळ करून, हात जोडून, एकदाच विचारायचं आणि लिहायचं. म्हणून तो आचार्यच म्हणत राहिला. लेण्यातले भिक्षू खेमाला "अरे" म्हणायचे, वाडीतले लोक "पाथरवट" म्हणायचे. आणि नागुली तर बायकोच. नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं, हे तिला आईच्या दुधाबरोबर मिळालेलं. तिच्या मावशीनं एकदा विंचवाच्या भीतीनं नवऱ्याला नावानं ओरडून बोलावलं होतं आणि त्याच वर्षी काका गेला होता. नागुली तेव्हा सात वर्षांची होती. मावशीच्या बांगड्या फोडताना तिनं पाहिल्या होत्या.

वैशाख आला. पुस्तक संपत आलं. शेवटचा शब्द उरला, उंबराचं फूल.

पोथ्यांत त्याचा फार मान. मोठे भंते म्हणाले, हजारो वर्षांत एकदा उमलतं, बुद्ध जन्माला येतात तेव्हा. कुंचलेबाबानं कपाळाला हात लावला. हजारो वर्षं थांबायचं कसं आणि हातात घ्यायचं काय?

खेमा म्हणाला, "भंत्यांनी उंबर कधी फोडून बघितलेला दिसत नाही. फूल आत असतं. फळ हिरवं असताना चिरलं की सगळा फुलांचाच मेळा. पिकल्यावर नाही दिसत."

"आत?" बाबा म्हणाला. "फूल फळाच्या आत?"

"उद्या दाखवतो."

खालच्या अंगाचे उंबर सगळे पिकून गेले होते. हिरवी फळं होती ती एकाच झाडावर, कड्याच्या तोंडाशी वाकलेल्या. नागुली म्हणाली, "चार दिवस थांबा, दुसरीकडं कुठं मिळतील." तिला तेव्हा पाचवा महिना होता. खेमा म्हणाला, "तांडा परवा येतोय गं. वारा फिरला की त्याचं जहाज जाणार. एका शब्दासाठी पुस्तक अपुरं ठेवू?"

तिला कळलं की तो पुस्तकाचं बोलत नव्हता, शेवटच्या पानाचं बोलत होता. ती चुलीकडं वळली. पुढं आयुष्यभर तिला हेच खात राहिलं, की त्या दिवशी आपण चुलीपुढं बसून राहिलो.

दुसऱ्या दिवशी खेमा फळं तोडायला चढला आणि फांदी मोडली. कड्याखाली दोन पुरुष खोलीवर खडकाचा पट्टा होता, त्यावर तो पडला. वाडीतल्या माणसांनी दोर सोडून वर काढला तेव्हा श्वास चालू होता, डोळे मिटलेले होते आणि उजवी मूठ घट्ट आवळलेली होती. कुंचलेबाबानं एकेक बोट सोडवलं. आत तीन हिरवी उंबरं होती. म्हाताऱ्यानं त्यातलं एक चिरलं. आत फुलंच फुलं होती, मोहरीएवढी. त्यानं ते फळ हातात घेतलं आणि मग अर्थ लिहिला. त्याचा नेम मोडला नाही.

तांडा आला. म्होरक्याचं नाव देवल नायक. त्यानं कुंचलेबाबासाठी एक दिवस जास्त काढला, दुसराही काढला. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "बाबा, पावसाआधी बैल घाटाखाली नेलेच पाहिजेत. चला, नाहीतर राहा."

कुंचलेबाबानं टाक्यावर अंघोळ केली. आधी तो लेण्यात गेला. मोठ्या भंत्यांना हात जोडून विचारलं, "माझ्या आचार्यांचं नाव काय?"

मोठे भंते म्हणाले, "कोण आचार्य?"

"ज्यांनी तुमच्या पायऱ्या केल्या, तुमची नावं कोरली."

"तो? पाथरवट म्हणतो आम्ही त्याला." मग जरा आठवून म्हणाले, "त्याचा बापही पाथरवटच होता."

ज्याच्या छिन्नीखालून भिंतभर नावं गेली, त्याचं नाव त्या भिंतींच्या आत कुणालाच ठाऊक नव्हतं. वाडीतले पुरुष तांड्याचं ओझं घेऊन पहाटेच घाट उतरले होते. वाडीत विचारावं तर बायकाच, त्याही म्हणाल्या, "आम्ही पाथरवटभाऊ म्हणतो." मग तो झोपडीच्या दारात आला.

खेमा चटईवर पडलेला, श्वास वरवर चाललेला. नागुली उशाशी बसून ओल्या फडक्यानं त्याचे ओठ पुसत होती. कुंचलेबाबानं शेवटचं पान उघडून गुडघ्यावर ठेवलं, शाई कालवली, कुंचला बुडवला आणि म्हणाला, "माई, यांचं नाव."

नागुलीनं मान खाली घातली.

"माई, एकदाच. हळू सांगितलंत तरी चालेल."

तिच्या घशापाशी ते नाव आलं होतं. दोनच अक्षरांचं. लग्न झाल्यापासून मनात हजारदा घेतलेलं. आणि समोर तो पडलेला, इतकासा जीव धरून. आधीच धागा एवढा बारीक झालाय, त्यावर आपण आपल्या तोंडानं कातर कशी चालवायची? मावशीच्या बांगड्यांचा आवाज तिच्या कानांत वाजायला लागला. तिनं पदराचा बोळा तोंडात कोंबला आणि नुसती मान हलवली. नाही.

बाबाला आधी कळेना. मग देवल नायकानं दाराबाहेरून सांगितलं, "आमच्यात बाई नवऱ्याचं नाव घेत नाही, बाबा. तो असा पडलेला असताना तर मुळीच नाही."

"तुम्ही सांगा," बाबा म्हणाला.

"मला ठाऊक असतं तर सांगितलं नसतं का? मी वर्षातून दोनदा येणारा माणूस."

कुंचल्याच्या टोकाला शाई गोळा होऊन खाली टपकायला आली. बाबानं कुंचला झटकन बाजूला घेतला, पानावर डाग पडू दिला नाही. तो उठला. त्यानं नागुलीला दोष दिला नाही. त्याच्याही देशात नावाचा धाक होताच. खेमाच्या पायांवर डोकं ठेवलं, दोन्ही हातांनी पुस्तक उचललं आणि बैलांमागून चालू लागला. घाटाच्या वळणापर्यंत तो मागं बघत राहिला, की ती अजून दारात येईल, हात करील. ती आली नाही.

संध्याकाळी खेमानं डोळे उघडले.

"गेले का?"

"गेले."

"लिहिलं का गं?"

जन्मात कधी ती त्याच्याशी खोटं बोलली नव्हती. "लिहिलं," ती म्हणाली.

"तू बघितलंस?"

"बघितलं. समोर बसून लिहिलं."

"कसं दिसतंय?"

नागुलीनं चुलीतला कोळसा घेतला आणि त्याच्या डोळ्यांपुढं जमिनीवर उभ्याआडव्या चार रेघा ओढल्या. तिला काय ठाऊक अक्षर कसं असतं? तो एकटक बघत राहिला. मग म्हणाला, "बरं दिसतंय." दोन दिवसांनी तो गेला, तोंडावर समाधान घेऊन. ते खोटं समाधान पुढं तिला जन्मभर सलत राहिलं. ती झोपडी सोडून गेली नाही, तिथंच राहिली, आणि त्या चार रेघांवर तिनं कधी शेण सारवलं नाही.

दहावा झाला. अकराव्या दिवशी सकाळी ती कड्यावर गेली. आता त्याचं आयुष्य कमी व्हायचं काही उरलंच नव्हतं. जे वाचवायला तोंड मिटलं ते गेलं होतं आणि जे सांगायचं ते तोंडातच राहिलं होतं. घाट मोकळा, तांडा बंदराला पोचलेला, जहाज निघालेलं. ती त्या टोकावर उभी राहिली आणि लग्नानंतर पहिल्यांदा तोंड उघडून नवऱ्याचं नाव घेतलं.

"खेमा!"

डोंगरानं ते परत दिलं. तिनं पुन्हा हाक मारली, पुन्हा. वाडीतल्या बायका धावत आल्या, त्यांना वाटलं ही जीव देतेय. म्हणाल्या, "अगं, मेल्या माणसाला नावानं हाका मारतेस? लाज नाही का?" नागुली म्हणाली, "लाज होती तोवर काय मिळालं?"

मग ती रोज जायला लागली. सकाळी एकदा, दिवेलागणीच्या आधी एकदा. पोटातली पोर जन्माला आली, तिचं नाव गोमी ठेवलं, तिला पाठीशी बांधून जायला लागली. वर येणाऱ्या प्रत्येक तांड्याला सांगायची, "बंदरावर कुणी चीन देशाला जाणारा भेटला तर त्या बाबाला निरोप द्या. नाव खेमा. शेवटच्या पानावर घालायचंय." कुणी हो म्हणायचं, कुणी मागं वळून हसायचं. कड्यावरची वेडी, असं तिचं नाव पडलं. त्या घाटात नाव मिळणं एवढं सोपं होतं!

पुढं बऱ्याच वर्षांनी एका खलाशाकडून उलटा निरोप आला म्हणे. पुस्तक पोचलं. वाटेत म्हातारा थकून वारला, पण पुस्तक पोचलं. आपले शब्द त्या देशात घरं करून राहिले. शेवटच्या पानावर वर लिहिलंय, हे शब्द देणारे माझे आचार्य, आणि खाली जागा कोरी. नकला करणारे तीही तशीच कोरी उतरवून घेतात, तिथं काही लिहायचा धीर कुणाला होत नाही. खरं असेल, खोटं असेल. नागुलीनं ते ऐकून घेतलं, निरोप आणणाऱ्याला भाकरी वाढली आणि वेळ झाली तशी कड्यावर गेली. निरोप पाठवायचा मात्र त्या दिवसापासून बंद केला.

हाक बंद केली नाही. का, ते तिलाच ठाऊक. गोमी मोठी झाली तेव्हा म्हणायची, "आये, आज तू बस, मी मारते हाक." तर नागुली तिला त्या दगडावर पाय ठेवू द्यायची नाही. म्हणायची, "ज्यानं वेळेला मारली नाही त्यानंच मारायची."

आमच्या घाटाचं धुकं तुम्ही बघितलेलं नाही. आषाढ-श्रावणात दिवसा हात दिसत नाही. पूर्वी पावसाळ्यात या वाटेनं कुणी यायचं नाही, आणि आलंच तर बैल कड्यावरून जायचे. एका श्रावणात देवल नायकाचा तांडा उशीर होऊन अडकला. नायक म्हातारा झालेला, बरोबर त्याची दोन लेकरं, थोरली सून, तीसेक बैल. वाट हरवली. पुढचा बैल थबकला, त्याला चाबूक मारणार इतक्यात वरून, उजव्या अंगानं आवाज आला. खेमा! नायकानं हात वर करून सगळ्यांना थांबवलं. पुन्हा आला. खेमा! तो आवाज वर्षानुवर्षं त्याच्या ओळखीचा. तो कड्याच्या टोकावरून येतो हे त्याला पक्कं माहीत. म्हणजे आवाजाकडं जायचं नाही, आवाज उजवीकडं ठेवायचा आणि डावीनं चढायचं. तसा एकेक पाय टाकत तांडा वर आला. सकाळी धुकं फाटल्यावर बघितलं तर बैल थबकला होता तिथून दरी हातभर होती.

नायक नागुलीच्या दारात येऊन बसला. मग म्हणाला, "त्या दिवशी बाहेरून मीच बोललो होतो बाई. तेव्हा बोलायला नको होतं. तुझी समजूत घालायला हवी होती."

नागुली म्हणाली, "मी ऐकलं नसतं, दादा."

पण तेव्हापासून घाटात बोलबाला झाला. धुक्यात आवाज उजव्या हाताला ठेवा, हे पोराबाळांना शिकवायला लागले. तांडे पावसातही यायला लागले, खेमाच्या हाकेनं. वाटेला खेमाची वाट म्हणू लागले, घाटाला खेमघाट म्हणू लागले. पुढं एकही बैल कड्यावरून गेला नाही म्हणे. शेवटी बंदरावरचे व्यापारी आणि लेण्यातले भिक्षू एकत्र बसले. मोठे भंते तोवर जाऊन दुसरे आले होते. त्यांनी ठरवलं, या बाईच्या घराला जमीन द्यायची. किती द्यायची यावर वाद झाला. तेव्हा देवल नायक म्हणाला, "जिथवर तिची हाक ऐकू येईल तिथवर."

दिवस ठरला. माणसं तीन दिशांना उभी राहिली, चौथीला दरी. पण नागुलीचा गळा वीस वर्षांत फाटत आला होता आणि सरत्या पावसाळ्यात तर पारच बसला होता. तिनं दगडावर उभं राहून हाक मारली, तर ती दहा पावलांवरच्या माणसालाही नीट ऐकू गेली नाही. दुसऱ्यांदा मारली, खोकला आला. भिक्षू एकमेकांकडं बघू लागले. एक जण म्हणाला, "ठरलं ते ठरलं, दहा पावलं तर दहा पावलं."

नागुली दगडावरून खाली उतरली. तिनं गोमीचा हात धरला, तिला दगडावर चढवलं आणि स्वतः खाली बसली.

गोमी म्हणाली, "आये, मी?"

"पोटातून काढ," नागुली म्हणाली. "माझ्यासारखी घाबरून मारू नको."

गोमीनं हाक मारली. बापाला तिनं कधी पाहिलं नव्हतं. माणसं चालायला लागली. ओढ्यापाशी गेली, ऐकू आली. ओढा ओलांडला, माळ चढली, ऐकू आली. सागाच्या रानात शिरली, तिथंही आली. ऊन कलेपर्यंत पोर हाका मारत होती आणि खाली बसलेली नागुली दर हाकेला हातानं पुढं, पुढं करत होती, माणसांना अजून लांब घालवत.

शेवटच्या माणसानं जिथं थांबून हात वर केला, तिथं आज आमच्या शिवेचा दगड आहे. तेवढं सगळं रान त्या घराचं झालं. त्या सालीच त्यात वरी पेरली, ती कमरेएवढी आली. गोमीचं लग्न नायकाच्या धाकट्या लेकाशी झालं, तो घरजावई होऊन वर राहायला आला, आणि लग्नात गोमीनं कड्यावर उभं राहून त्याला खणखणीत नावानं बोलावलं. नागुली तेव्हा होती. ती त्या दिवशी जेवली, पोटभर जेवली, आणि म्हणे वीस वर्षांत पहिल्यांदा दिवेलागणीला घरात बसून राहिली.

आजही त्या रानाला हाकेचं रान म्हणतात. त्याला कुंपण नाही, त्याची कुणी मोजणी केलेली नाही. गोमीच्या वंशातली अकरा घरं त्यावर नांदतात, आणि केवढाही दुष्काळ पडला तरी त्या रानात थोडी तरी ओल राहतेच.